आधी मोजावे, मग हात लावावा

खांबावरची वीज न पोहोचलेल्या ठिकाणची सौर यंत्रणा एकाएकी बंद पडते, तेव्हा बहुतेक वेळा तिने स्वतःच स्वतःला थांबवलेले असते. पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी, इन्व्हर्टर आणि शेवटी दिवे-पंखे अशी तिची साखळी असते आणि या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीला आपले रक्षण करण्याची सोय दिलेली असते. बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरली की कंट्रोलर दिवे तोडतो. लोड झेपेनासा झाला की इन्व्हर्टर थांबतो. तार तापून पेटण्याआधी फ्यूज उडतो. लिथियम बॅटरीत तर आतच बसवलेला बोर्ड बॅटरीचे तोंड बंद करून टाकतो. म्हणून दुरुस्तीला गेलेल्या माणसाने शोधायच्या गोष्टी दोन असतात: कोणत्या कडीने थांबवले, आणि तिच्यावर तशी वेळ कशामुळे आली. पहिली गोष्ट मीटर दाखवतो. दुसरीसाठी माणसांशी बोलावे लागते, छपरावर चढावे लागते आणि कधी कधी दिवसभर थांबावे लागते.

धडगाव-अक्कलकुव्याचा सातपुडा, मेळघाट, भामरागडचा पट्टा अशा भागांत ही कामे वर्षानुवर्षे केलेल्या तंत्रज्ञाला हा क्रम सहज सुचलेला नसतो. तो चुकत चुकत शिकलेला असतो. जीप जिथवर जाते तिथवर जीपने आणि पुढे पायी असा प्रवास असतो. दहा नंबरचा पाना घरी राहिला तर दिवस वाया जातो, आणि निदान चुकले तर पुन्हा दोन दिवस. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत, जिथे तार नेणे व्यवहार्य नव्हते अशा घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा सौर संच ठरवला होता. त्यात पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल होती. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्यही फार तर तेवढेच असते. त्यामुळे देखभालीची मुदत संपते आणि बॅटरी थकते, या दोन्ही गोष्टी पाड्यावर साधारण एकाच सुमारास घडतात. त्यानंतर येणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातून एखादी चांगली बॅटरी ‘गेली’ म्हणून बाद झाली, तर नवी घेण्याची ऐपत त्या घराला लवकर येत नाही. निदान घाईने करू नये, याचे मुख्य कारण हेच.

पहिले काम चौकशीचे. ‘काय केलं होतं?’ असे विचारले की ‘काही नाही केलं’ हेच उत्तर येते, कारण प्रश्नात ठपक्याचा वास असतो. ‘दिवे कधी गेले?’ असे विचारले की माणसे मोकळेपणी सांगतात आणि त्या उत्तरात निम्मे निदान असते. रात्री काही तास चालून पहाटेच्या सुमारास गेले, तर बॅटरी उतरली आहे. ती नीट भरत नाही किंवा लोड वाढला आहे. मिक्सर किंवा पंप चालू करताक्षणी गेले, तर बॅटरी कमजोर आहे, एखादा जोड ढिला आहे किंवा मोटरचा सुरुवातीचा झटका इन्व्हर्टरला झेपत नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. भर उन्हात दुपारी गेले, तर उष्णता, व्होल्टेज जास्त चढणे किंवा लिथियम बॅटरीने चार्जिंग तोडणे यांचा विचार करावा. नुकताच कोणी एखादा जोड बदलला असेल, छप्पर शाकारले असेल किंवा नवा टीव्ही आणला असेल, तर तपास तिथूनच सुरू करावा.

दुसरे काम सुरक्षिततेचे. बारा-चोवीस व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून बॅटरीला कोणी भीत नाही. पण तिची दोन टोके धातूने जोडली गेली तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. एका तंत्रज्ञाच्या पेटीतल्या तेरा नंबरच्या पान्याला मध्येच एक खाच आहे. टर्मिनल आवळताना पान्याचा दांडा शेजारच्या टर्मिनलला टेकला, ठिणगी उडाली आणि पान्याचा तेवढा भाग वितळून गेला. हाताच्या बोटात अंगठी असती तर बोट गेले असते. तेव्हापासून पान्याच्या दांड्याला काळी टेप गुंडाळलेली असते आणि काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ उतरवून खिशात जाते. भरत आलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरीच्या खोलीची खिडकी आधी उघडावी. खंडेनवमीला अवजारांबरोबर बॅटरीलाही हळदकुंकू वाहून तिच्याजवळ उदबत्ती लावण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. अशा वेळी पूजेला हरकत न घेता उदबत्ती खोलीबाहेर लावायला सांगावे आणि कारणही सांगावे, माणसे ऐकतात. अ‍ॅसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे, जमिनीवर सांडले तर त्यावर खाण्याचा सोडा टाकावा.

मोजणी बॅटरीपासून सुरू करावी, कारण बाकी सगळ्या कड्या तिच्याकडे पाहून वागतात. पॅनेल आणि लोड दोन्ही तोडून बॅटरीला काही तास विसावा द्यावा आणि मग व्होल्टेज घ्यावे. बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास दाखवते, निम्मी उतरलेली असेल तर १२.२ च्या आसपास, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. चार्जिंग चालू असताना घेतलेल्या आकड्यावरून बॅटरीची भरती ओळखता येत नाही. उन्हात १३.८ दिसणारी बॅटरी सूर्य मावळल्यावर तासाभरात बसते, हे या कामात पुन्हा पुन्हा दिसते.

बॅटऱ्या ओळीत जोडलेल्या असतील तर एकूण आकडा फसवतो. एका निवासी शाळेत चार बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा संच होता आणि दोन टोकांना ४८.७ व्होल्ट मिळत होते. आकडा चांगला, तरी दिवे अर्ध्या तासात जात. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजल्यावर तीन बॅटऱ्या १२.७ वर आणि एक १०.६ वर निघाली. त्या बॅटरीच्या सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झाला होता. एका सेलचे दोन-सव्वादोन व्होल्ट गेले की नेमका असाच आकडा येतो. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. कंट्रोलरला २४ सेल दिसतात आणि तो त्या हिशेबाने ५७.६ व्होल्टपर्यंत चार्ज करत राहतो. प्रत्यक्षात ते व्होल्टेज २३ सेल वाटून घेतात. त्यामुळे चांगल्या बॅटऱ्यांच्या वाट्याला १४.४ ऐवजी १५ व्होल्ट येतात, त्यांचे पाणी आटत जाते आणि एका आजारी बॅटरीपायी तिघी निरोगी झिजतात.

इथे आणखी एक चूक सर्रास होते. चारांपैकी एक खराब निघाली की तेवढीच बदलावी असे वाटते. पैशांच्या दृष्टीने ते रास्तही वाटते. पण चार-पाच वर्षे वापरलेल्या संचात कोरी बॅटरी घातली, तर वर्षभरात ती जुन्यांच्या पंक्तीला जाऊन बसते. जुन्या बॅटऱ्या आधी भरल्यासारख्या दिसतात आणि आधी रिकाम्या होतात. नवीला पुरेसे भरणे मिळतच नाही. संच वर्षा-दोन वर्षांचा असेल तर एक बदलणे चालते. त्याहून जुना असेल तर संचाच्या मालकाला खरे ते सांगावे, आणि आहे त्यातल्या तीन चांगल्या बॅटऱ्यांचे काय करता येईल तेही सांगावे: दोन घेऊन चोवीस व्होल्टचा लहान संच, किंवा एक-एक घेऊन वेगवेगळ्या घरांत दोन-चार दिवे.

पाण्याच्या बॅटरीत अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर मीटरइतकाच कामाचा. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांत पूर्ण भरल्यावर साधारण १.२४० घनता मिळते. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे. तिला पोटभर चार्जिंग मिळाले की ती सुधारते. एकच सेल इतरांपेक्षा बराच खाली असेल तर दोष त्या सेलमध्ये आहे. पाणी घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. पाणी कमी झाले म्हणून अ‍ॅसिड घालणारे, विहिरीचे पाणी गाळून घालणारे आणि पावसाचे पाणी धरून घालणारे, असे तिन्ही प्रकार पाड्यांवर भेटतात. त्यामागे हयगय नसते; डिस्टिल्ड वॉटरचा डबा तालुक्याच्या गावाला मिळतो आणि तालुका चाळीस किलोमीटरवर असतो. म्हणून प्रत्येक फेरीत दोन डबे सोबत नेऊन तिथेच ठेवून यावेत.

बॅटरीनंतर जोड. या कामातली सर्वात महाग चूक बहुधा इथेच होते, आणि तिची एक नोंद सविस्तर द्यायला हवी. डोंगरावरच्या दुसऱ्या एका शाळेत संध्याकाळी पाण्याचा पंप चालू केला की इन्व्हर्टर बंद पडे. स्क्रीनवर कमी व्होल्टेजची खूण येई. बॅटऱ्या विसाव्यात ५०.२ व्होल्ट दाखवत होत्या, पण पंप सुरू होताना इन्व्हर्टरवर आकडा ४२ पर्यंत कोसळत होता, आणि ४२ ला इन्व्हर्टर तोडतो. लोड पडताच कोसळते म्हणजे बॅटऱ्या कमजोर, असे निदान तिथे गेलेल्या तंत्रज्ञाने केले. शाळेने पैसे जमवले. पन्नास-साठ किलोची एकेक बॅटरी बांबूला बांधून चार-चार माणसांनी शेवटची चढण चढवली. जुन्या बॅटऱ्या बदल्यात दुकानात गेल्या. नवा संच जोडला, पंप चालू केला आणि इन्व्हर्टर पुन्हा बंद पडला.

त्यानंतर जी मोजणी केली ती आधीच करायला हवी होती. मीटरच्या दोन्ही तारा थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवल्या. पंप सुरू होण्याच्या क्षणी तिथे ४८ व्होल्ट होते आणि त्याच क्षणी इन्व्हर्टरच्या टोकांवर ४२. मधले सहा व्होल्ट वाटेत जात होते. मग लोड चालू ठेवून मीटरची एक तार खुंटावर आणि दुसरी केबलच्या तांब्यावर ठेवत एकेक जोड तपासला. बाकी सगळीकडे शून्याच्या जवळपास आकडा आला. निगेटिव्ह केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या एका थिंबलवर, साधा तीस अँपिअरचा लोड असताना, १.८ व्होल्ट आले. थिंबलवरची काळी स्लीव्ह कापल्यावर आतले तांबे हिरवे पडलेले आणि थिंबल नीट न दाबलेले दिसले. स्लीव्हची आतली बाजू भाजून तपकिरी झाली होती. तीस अँपिअर आणि १.८ व्होल्ट म्हणजे ५४ वॅट. एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता त्या बोटभर तुकड्यात रोज तयार होत होती. बाहेरून हात लावला असता तरी चटका जाणवला असता. शंभर रुपयेही किंमत नसलेल्या थिंबलपायी शाळेचे बॅटऱ्यांचे पैसे गेले आणि कदाचित चांगल्याच असलेल्या चार बॅटऱ्या भंगारात गेल्या.

त्या दिवसापासून त्या तंत्रज्ञाने स्वतःसाठी एक नियम केला: लोड चालू ठेवून प्रत्येक जोडावरची घट मोजल्याखेरीज कोणत्याही बॅटरीला खराब म्हणायचे नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर कोमट पाण्यात सोडा घालून ती धुवावी, खुंट आणि थिंबल पॉलिश पेपरने चमकवावे, नट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. अर्ध्या तासाच्या या कामाने कित्येक ‘मेलेल्या’ यंत्रणा चालू होतात.

फ्यूज आणि एमसीबी हाही जोडांचाच भाग. घरातल्या एसी वायरिंगची एमसीबी बॅटरीच्या बाजूला बसवलेली पुष्कळ ठिकाणी सापडते. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना उठलेली ठिणगी विझते. डीसी करंट शून्यावर येतच नाही. ठिणगी तशीच ताणत राहते आणि एमसीबी आतून जळते. बाहेरून खटका वर दिसतो आणि आत वाट बंद असते. म्हणून खटक्यावर विश्वास न ठेवता दोन्ही बाजूंना व्होल्टेज पाहावे आणि बदलताना डीसीचीच बसवावी.

यानंतर पॅनेल. पॅनेलच्या बाबतीत नुसते व्होल्टेज पाहून समाधान मानणे ही नवशिक्याची चूक. ३६ सेलचे पॅनेल उघडे असताना २१-२२ व्होल्ट दाखवते, पण ढगाळ उजेडातही ते जवळपास तेवढेच दाखवते. बॅटरी भरते ती करंटने, म्हणून क्लॅम्प मीटर लावून करंट पाहावा. मागच्या जंक्शन बॉक्समध्ये मुंग्यांनी घर केलेले असते, कनेक्टर नीट न दाबल्याने आतून वितळलेला असतो, काचेवर धुळीचा थर असतो. उन्हाळ्यात काच सकाळी लवकर, गार असताना साध्या पाण्याने धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

सावलीने शिकवलेला धडा मात्र विसरता येण्याजोगा नाही. एका आरोग्य उपकेंद्रातली यंत्रणा सलग दोन वर्षे ऑगस्टमध्ये बंद पडली. दोन्ही वेळा तंत्रज्ञ गेला, बॅटऱ्या उतरलेल्या पाहिल्या, पावसाळ्याला दोष दिला, बाहेरून चार्ज करून आणल्या आणि परतला. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, लख्ख ऊन असताना निरोप आला. आदल्या रात्री सिस्टरांनी एक बाळंतपण मोबाइलच्या उजेडात केले होते. आशाताईंनी दोन तास फोन वर धरून ठेवला होता. बाळ आणि आई सुखरूप होते. सिस्टर एवढेच म्हणाल्या, “दादा, ह्या वेळी पाऊस नाहीये.”

सकाळी अकराला छपरावर सगळे ठीक होते. पॅनेल स्वच्छ, करंट पुरेपूर, जोड आवळलेले. आजवरच्या दोन्ही फेऱ्यांत एवढे पाहून काम संपले होते, कारण परतीची जीप एक वाजता सुटते. त्या दिवशी जीप सोडून दिली. दोन वाजता नैर्ऋत्येकडच्या शेवग्याची सावली पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यावर आली. अडीचला करंट एकतृतीयांशाने उतरला, साडेतीनला उरला तो नावापुरता. पॅनेलमधले सेल एका ओळीत जोडलेले असतात. एका भागावर सावली पडली की बायपास डायोड तो सबंध भाग बाजूला काढतो, त्यामुळे हातभर सावलीने मोठा तोटा होतो. यंत्रणा बसवली तेव्हा तो शेवगा कमरेएवढा होता. शेवगा वर्षा-दोन वर्षांत छपराच्या वर जातो. पावसाळ्यात ढग आणि पाने दोन्ही दाट असल्याने बॅटरी आधी तेव्हा बसू लागली, आणि झाड आणखी वाढल्यावर लख्ख उन्हाच्या दिवसांतही. झाड तोडायला सिस्टर तयार नव्हत्या. त्याचा पाला आणि शेंगा बाळंतिणींच्या जेवणात जात होत्या. शेवग्याची छाटणी तशीही दरवर्षी करतातच. ती पॅनेलच्या उंचीखाली करायची असे ठरले, आणि यंत्रणा चालू राहिली. सौर यंत्रणेची तपासणी सूर्य एका जागी असताना पूर्ण होत नाही, हे त्या दुपारी कळले.

चार्ज कंट्रोलरच्या बाबतीत तक्रारीपेक्षा गैरसमज जास्त. बारा व्होल्टच्या साध्या कंट्रोलरमध्ये बहुधा ११.१ व्होल्टला दिवे तुटतात आणि १२.६ ला परत जोडले जातात. मधले अंतर मुद्दाम ठेवलेले असते. नाहीतर दिवे तुटताच व्होल्टेज वर येईल, दिवे लागतील, पुन्हा तुटतील, आणि रात्रभर हेच चालेल. पण रात्री गेलेले दिवे सकाळी ऊन आल्यावरही लागत नाहीत, म्हणून घरमालक कंट्रोलर खराब समजतो आणि पंख्याची तार थेट बॅटरीला जोडतो. रक्षण करणारी एकमेव कडी त्यामुळे निघून जाते आणि बॅटरी पार तळाला जाते. ही थेट जोडलेली तार पाहिल्यावर रागावू नये. तो हिशेब कोणी त्याला समजावून दिलेला नसतो.

एक बिघाड फसवा असतो. बारा आणि चोवीस दोन्ही व्होल्टला चालणारा कंट्रोलर जोडताक्षणी बॅटरीचे व्होल्टेज पाहून संच ओळखतो. चोवीसचा संच १७ पर्यंत उतरलेला असताना कोणी तारा काढून परत लावल्या, तर तो त्याला बाराचा समजू शकतो, आणि बारा व्होल्टच्या संचाच्या मानाने १७ म्हणजे भरपूर भरलेला. मग तो चार्जिंग देतच नाही. सगळे दिवे हिरवे आणि बॅटरी उपाशी. बॅटऱ्या बाहेरून थोड्या भरून पुन्हा जोडल्या, किंवा सोय असेल तर संच हाताने २४ वर ठरवून दिला, की प्रश्न सुटतो. जोडण्याचा क्रमही पाळावा: आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. उलटे केल्याने कंट्रोलर जळाल्याची उदाहरणे आहेत.

लिथियम बॅटरी आल्यापासून बंद पडण्याची एक नवी तऱ्हा आली. घाटमाथ्यावरच्या एका शेतघरात ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी होती. घर श्रावणात वीस दिवस बंद होते. परत आल्यावर सगळे ठप्प. मीटर बॅटरीच्या टोकांवर दोन व्होल्ट दाखवत होता आणि बॅटरी मेली असा निर्वाळा आधीच कोणी देऊन गेले होते. प्रत्यक्षात ती झोपली होती. अशा बॅटरीत ३.२ व्होल्टचे १६ सेल असतात आणि आतला बोर्ड, म्हणजे बीएमएस, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतो. एखादा सेल २.५ व्होल्टच्या आसपास उतरला की तो बाहेरची वाट तोडतो, त्यामुळे टोकांवर काहीच मिळत नाही. चार्ज कंट्रोलर बॅटरीचे व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरू होत नाही, आणि चार्जिंग आल्याशिवाय बॅटरी उघडत नाही. पेटीची किल्ली पेटीतच राहावी तशी ही स्थिती.

त्यातून सुटायला बॅटरीवरचे रीसेट बटण आधी पाहावे. ते नसेल किंवा चालत नसेल तर करंटवर मर्यादा ठेवता येईल अशा डीसी सप्लायमधून, संचाला साजेशा व्होल्टेजने, दोन-तीन अँपिअर द्यावेत. शेतघरात असे केल्यावर काही मिनिटांत बोर्डने वाट उघडली आणि कंट्रोलर जागा झाला. सेल एकेक करून पाहणे तरीही सोडू नये. एखादा सेल दोन व्होल्टच्याही खाली गेला असेल तर जबरदस्तीने भरू नये. तो आतून बिघडलेला असू शकतो आणि भरताना धोका होतो. कंट्रोलर लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगवर राहिला असेल तर तेही बदलावे, कारण त्यातले इक्वलायझेशन, म्हणजे अधूनमधून मुद्दाम दिलेले जास्तीचे चार्जिंग, व्होल्टेज एवढे चढवते की बीएमएस भर उन्हात बॅटरी तोडतो आणि त्याचा झटका कंट्रोलर-इन्व्हर्टरला बसतो.

घर बंद असताना बॅटरी उतरली कशी, याचे उत्तर इन्व्हर्टरमध्ये मिळाले. तो चालूच राहिला होता. एकही दिवा न लावता त्या आकाराचा इन्व्हर्टर स्वतःसाठी साधारण ४० वॅट खातो. दिवसाचे ९६० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ एक युनिट. बॅटरीत एकूण पाच युनिट. धुक्याच्या दिवसांत पॅनेलवरून फारसे काही येत नसताना ती आठवडाभरही पुरली नसती. सुट्टीत शाळा बंद करताना फळा पुसून खिडक्या लावल्या जातात, पण इन्व्हर्टरचा खटका कोणी पाहत नाही. जूनमध्ये बसलेल्या बॅटऱ्या निघतात त्या बऱ्याचदा यामुळे. इन्व्हर्टर उघडलाच तर जाळी आणि पंख्यातली धूळ काढावी. आत शिरून सर्किटवर जळालेली पाल सापडणे हेही नित्याचे आहे, म्हणून वायर शिरण्याची भोके बुजवावीत.

या सगळ्यात यंत्राचा दोष नसतोच अशा वेळाही पुष्कळ. लोडचा हिशेब मांडल्यावर ते दिसते. नऊ वॅटचे पाच दिवे पाच तास लावले तर २२५ वॅट-तास, डीसी पंखा दहा तास चालवला तर आणखी तीनशेच्या आत. एवढ्यासाठी बसवलेल्या संचावर छोटा इन्व्हर्टर लावून ७५ वॅटचा साधा पंखा रात्रभर आणि टीव्ही चार तास चालू लागला, तर गरज एकदम दुपटीच्या पुढे जाते. उन्हाळ्यात ते कसेबसे निभते. पहिला झडीचा आठवडा आला की बंद पडते. घरात वीज आली की घर वाढणारच. टीव्ही बंद करा असे सांगण्याऐवजी, किती पॅनेल वाढवले तर किती तास टीव्ही चालेल हा हिशेब कागदावर मांडून दिला, तर माणसे स्वतः निवड करतात: पावसाळ्यात पंखा कमी, मुलांच्या अभ्यासाचा दिवा आधी.

दोष सापडून दूर झाल्यावर यंत्रणा लगेच पूर्ण लोडवर घेऊ नये. बॅटरीला दोन-तीन दिवस पोटभर भरू द्यावे, दिवे मोजके लावावेत. दिवा लागला म्हणजे काम संपले, असे या धंद्यात सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते. काम संपल्याचा खरा पुरावा दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्यापूर्वी घेतलेला आकडा देतो: रात्रभर वापरूनही बॅटरी १२.२ च्या वर असेल तर यंत्रणा सावरली. शक्य असेल तिथे तंत्रज्ञाने त्या रात्री तिथेच मुक्काम करावा.

आणि निघताना एक वही ठेवावी. उपकेंद्रात अशी वही शेवग्याच्या छाटणीनंतर सुरू झाली. तिच्यात चार रकाने आखले: तारीख, पहाटेचे व्होल्टेज, संध्याकाळचे व्होल्टेज, पाणी घातले का. शंभर-दीडशे रुपयांचा छोटा व्होल्टमीटर भिंतीवर लावून दिला. सिस्टरांनी ती वही लसीकरणाच्या नोंदींइतक्याच काळजीने भरली. पुढच्या जुलैत पहाटेचे आकडे १२.५ वरून १२.४, मग १२.३ असे उतरू लागले, तेव्हा दिवे जाण्याची वाट न पाहता त्यांनी फोन केला. फोनवरच सांगून फांद्या छाटल्या, काच पुसली, एक पंखा आठवडाभर बंद ठेवला. आकडे परत चढले. त्या पावसाळ्यात तिथे दुरुस्तीची फेरी लागली नाही.